मीच पुसायला लावलेला फोटो

मंडळी, आज सकाळी सुनेला घेऊन आमच्या इथल्या येलहंक्याच्या पोलीस स्टेशनात गेलो होतो. तिने मोबाईलच्या ॲपवरून कर्ज घेतलं होतं. हप्ता चुकला, तर त्या लोकांनी तिचा खोटा, घाणेरडा फोटो बनवून तिच्या फोनमधल्या नंबरांवर, तुम्हा सगळ्यांना पाठवला.

तेव्हा मी घाबरून तुमच्यापुढे हात जोडले, पुसून टाका म्हणून. तिच्या फोनमधलंही सगळं पुसलं, धमक्यांसकट.

पोलीसबाई म्हणाल्या, "अज्जा, हा गुन्हाच आहे, तक्रार घेते. पण पुरावा?"

सून हळूच म्हणाली, "मामा, मी पुसू नका म्हणत होते."

पुढचा फोटो ऑफिसात जाईल, या धास्तीने ती कामावर जात नाही.

तुमच्यापैकी कुणी माझं ऐकलं नसेल, तर तो फोटो, ज्या नंबरावरून आला त्या नंबरासकट, तिला पाठवाल का?