उलट पावलांची दोरवाली

आत्याला नसत्या चौकशा करायची खोड लहानपणापासूनच होती. खरं तर ती एकाच भाच्याची आत्या, पण गल्लीतले लहानथोर सगळेच तिला आत्या म्हणत. बाहेरच्यांसाठी ती ‘दोरवाली आत्या’, कारण सोळाव्या वर्षी ती दोर कारखान्यात लागली आणि एकतीस वर्षं तिथेच राहिली. पुढे बाजारात नायलॉन आला आणि कारखान्याला कुलूप लागलं. त्यालाही आता बावीस वर्षं झाली होती. कारखान्याची ती लांबलचक शेड पाडून तिथे रस्ता केला होता. गावातले सगळे रस्ते वाकडेतिकडे, मग हा एकच पट्टीनं आखल्यासारखा सरळ कसा, हे नव्या लोकांना कळत नसे. आत्याला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारत नसे. विचारायचं काम तिचंच.

एका सकाळी गल्लीच्या टोकाला, अग्निशमन दलाच्या जुन्या गॅरेजचं शटर उघडलेलं दिसलं. आत तारांची भेंडोळी, मातीची पोती, एक उंच शिडी आणि पँटला माती पुसणारी एक पस्तिशीची बाई. झालं, आत्याच्या डोक्याला भुंगा लागला. दोन दिवस ती उगाचच त्या बाजूनं चार फेऱ्या जास्त मारून आली.

“आत्या, कुणाच्या कामात नाक खुपसू नकोस हं,” भाचेसून म्हणाली.

“छे गं, मी कशाला?” म्हणत तिसऱ्या दिवशी आत्या थेट शटरपाशी उभी राहिली. “माझं मांजर आलंय का हो इकडे?”

“कसं आहे मांजर?” त्या बाईनं विचारलं.

मांजर असतं तर आत्यानं सांगितलं असतं. “आलं असेल तर दिसेलच की,” असं म्हणून ती आत शिरली.

ती बाई शिल्पकार होती. गावातल्या बंद पडलेल्या दोर कारखान्याची आठवण म्हणून चौकात एक शिल्प उभं करायचं काम नगरपालिकेनं तिला दिलं होतं. टेबलावर हातभर उंचीचा मातीचा नमुना होता. एक बाई खांद्यावर दोर घेऊन, पुढे वाकून, सगळं बळ लावून ओढत निघालेली. आत्यानं त्या नमुन्याला एक प्रदक्षिणा घातली. मग दुसरी घातली.

“हिला कुठं जायचंय?”

“म्हणजे?”

“एवढी तरातरा निघालीय म्हणून विचारलं. आम्ही कधी अशा नाही निघालो.”

शिल्पकार बाईनं हातातली कोरणी खाली ठेवली. “तुम्ही होतात कारखान्यात?”

“एकतीस वर्षं. आणि रोज उलटं चालत.”

शिल्पकार बाईला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मग आत्यानं समजावून सांगितलं. कंबरेला वाखाचा, म्हणजे दोराच्या तंतूंचा, भला मोठा पेळू गुंडाळायचा. त्यातले चार तंतू ओढून समोरच्या चाकाच्या आकड्यात अडकवायचे. एक बाई चाक फिरवणार, आणि सूत कातणारीनं पेळूतून तंतू सोडत सोडत मागे मागे जायचं. चाकानं पीळ पडत राहतो, आणि पावलागणिक सूत लांब होत जातं. शेडच्या शेवटाला पोचलं की सूत काढायचं, सरळ चालत यायचं, पुन्हा पहिल्यापासून.

शिल्पकार बाईनं कपाटातून एक फोटो काढला. पालिकेच्या कागदांत तिला तेवढा एकच मिळाला होता. ओळीनं बायका, कंबरेला गुंडाळलेलं काहीतरी, हात पोटाशी.

“मला वाटलं, ह्या समोर चालत येतायत.”

“फोटोत माणूस पुढं चाललाय का मागं, ते कळतं थोडंच!” आत्या म्हणाली. आपल्याही हे कधी लक्षात आलं नव्हतं, याचं तिला नवल वाटलं.

“मला दाखवाल?”

वाख आणायचा कुठून? आत्यानं कोपऱ्यावरच्या नळजोडणीवाल्याला गाठलं. तो पाइपाच्या आट्यांवर ताग गुंडाळतो, हे तिनं कधीतरी उभं राहून बघून ठेवलं होतं. त्याच्याकडून चांगली जुडी मिळाली. चाकाऐवजी शिल्पकार बाईनं ड्रिल मशीनच्या तोंडात एक वाकवलेला खिळा बसवला. आत्यानं ताग कंबरेला गुंडाळला, तंतू खिळ्यात अडकवले आणि म्हणाली, “हळू सोड.”

ड्रिल गुरगुरलं. पहिल्यांदा सूत तुटलं. दुसऱ्यांदा जाडंभरडं झालं. तिसऱ्यांदा मात्र बोटांना आठवलं, आणि एकोणसत्तर वर्षांची आत्या भर गल्लीत उलटी चालू लागली. खिडक्या उघडल्या. कुणी तोंडात बोटं घातली, कुणी मोबाइल काढले. भाचेसून गॅलरीतून ओरडली, “आत्या, मागं स्कूटर!” आत्यानं वळून पाहिलं नाही. चवड्यानं चाचपलं, स्कूटरला वळसा घातला आणि पुढे, म्हणजे मागे, गेली. शिल्पकार बाई तिच्या पावलांकडे इतकी टक लावून बघत होती, की ड्रिल थांबवायचं विसरली.

“अगं बस, बस! पीळ चढला!” आत्या ओरडली. सुताला जागोजागी गाठी पडल्या होत्या.

त्या दिवशी शिल्पकार बाईनं मातीचा नमुना मोडून टाकला. आता रोज सकाळी आत्या गॅरेजमध्ये, आणि प्रश्न मात्र दोघींचे. शिल्पकार बाई विचारी, मागे जाताना वजन कुठल्या पायावर? कोपर अंगाला चिकटलेलं की सुटं? नजर कुठे? शेवटच्या प्रश्नाला आत्यानं समोर बोट केलं. “सुतावर,” ती म्हणाली. “आणि चाकावर माझी मैत्रीण असायची. तिचं तोंड लहान लहान होत जायचं. भांडून आलो असलो तरी दिवसभर एकमेकींकडेच बघायचं, दुसरा उपाय नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडण मिटायचंच.” आत्या उलट विचारी, माती वाळताना तडकत कशी नाही? आत तार कशाला? ओतकामात हवा अडकली तर?

मग शिल्पासाठी अस्सल दोर हवा झाला. त्याच्या पिळाचा साचा घ्यायचा होता. भंगारवाल्याकडे नायलॉन, नाट्यगृहाच्या पडद्याला नायलॉन. शेवटी शाळेच्या सामानाच्या खोलीत रस्सीखेचीचा जुना दोर सापडला.

“हा तुमच्याच कारखान्याचा कशावरून?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

आत्यानं खिळ्यानं त्याचे पेड उकलले. आत, अगदी गाभ्यात, एक निळं सूत निघालं. कारखान्याच्या प्रत्येक दोराच्या पोटात अशी खूण असे, चोरी झाली तर ओळखू यावा म्हणून. मुख्याध्यापक वाकून बघत राहिले. त्या शाळेत त्यांची पंचवीस वर्षं गेली होती, आणि पोटातलं सूत त्यांना आज दिसत होतं.

“यात तुमच्या हातचं सूत असेल?” शिल्पकार बाईनं विचारलं.

आत्यानं पेड बोटांत फिरवून पाहिला. “असेल, नसेल. एका दोरात वीस-वीस जणींचं असायचं. पीळ बसला की कुणाचं काय ते कळत नाही.” तरी तिनं तो बराच वेळ सोडला नाही.

अडचण आली ती पालिकेत. नवा नमुना पाहून एक सदस्य उसळले. “चौकात उलटी चालणारी बाई? गाव मागं चाललंय म्हणून लोक हसतील! पहिली होती तीच करा.”

आत्या ‘नुसतं बघायला’ म्हणून सोबत आली होती, पण पोटात राहीना. तिनं पिशवीतून ताग काढला. “साहेब, तुम्ही पुढं तोंड करून कातून दाखवा. जमलं तर पहिलीच करू.”

सदस्य तयार झाले. कुणीतरी त्यांच्या कंबरेला ताग बांधला, शिल्पकार बाईनं ड्रिल धरलं. ते ड्रिलकडे पाठ करून, हात मागे नेऊन चालू लागले. दुसऱ्या पावलाला सूत तुटलं. पुन्हा बांधलं, पुन्हा तुटलं. मग वैतागून ते स्वतःच वळले, सुताकडे बघत एक पाऊल मागे गेले, दोन गेले, सूत टिकलं, चार गेले, आणि नगराध्यक्षांच्या खुर्चीवर धाडकन बसले. खुर्ची रिकामी नव्हती. हशा ओसरल्यावर ते हातातलं वीतभर सूत निरखत म्हणाले, “पण अजून कुठवर जात होता हो तुम्ही?”

“तो सरळ रस्ता आहे ना? तो अख्खा,” आत्या म्हणाली. “दिवसातून अठरा वेळा.”

नमुना मंजूर झाला.

कांशाची ती बाई आता चौकात उभी आहे. चेहरा कुणाचाच नाही. आत्यानं आधी पाऊल तपासलं. टाच उचललेली, चवडा टेकलेला. मग ती समाधानानं हुंकारली. पहिले काही दिवस लोक म्हणत, बाई चुकीच्या दिशेनं बसवलीय. आता पत्ता सांगताना ‘उलट्या बाईपासून डावीकडे’ म्हणतात. आणि रस्ता सरळ का, असं कुणी विचारलं की त्याला आत्याकडे पाठवतात.

आत्या मात्र घरी सापडेलच असं नाही. शिल्पकार बाईला दुसऱ्या गावी काम मिळालं, तिथल्या बंद पडलेल्या काडेपेटीच्या कारखान्यावर. ती आत्याला सोबत घेऊन गेली. तिथला एक म्हातारा कारागीर दारातूनच म्हणाला, “संपलं ते सगळं. सांगण्यासारखं काही नाही.” तो दार लावणार, तोच आत्या पुढे झाली.

“एवढंच सांगा हो. काड्या पेटीत भरताना सगळ्यांचं गूल एकाच बाजूला कसं यायचं? जन्मभर विचार करतेय मी.”

म्हाताऱ्याचा हात दारावरच थांबला. त्यानं आत्याकडे नीट पाहिलं, मग आत वळून हाक दिली, “अगं, दोन खुर्च्या टाक.”