चार्जरचा प्लग

तळ्याकाठी बंद पडलेली गोल्फ कार्ट, बॅटरीवर चालणारी छोटी उघडी गाडी, मागे ठेवून व्हर्ना आणि तिची शेजारीण लुसील मैलभर चालून आल्या होत्या. घर अजून तेवढंच लांब होतं आणि फ्लोरिडाचं ऊन मी म्हणत होतं.

"परवा विजा कडाडायला लागल्या म्हणून चार्जरचा प्लग काढला," व्हर्ना म्हणाली, "तो परत लावायचाच राहिला."

"कमाल आहे बाई तुझी! बॅटऱ्यांत पाणी घालताना चष्मा काय, हातमोजे काय, आणि प्लग विसरलीस?"

"ब्याऐंशी वर्षांची आहे गं. सगळंच आठवायला लागलं तर लोक घाबरतील मला."

लुसील हसली, व्हर्ना मात्र हसली नाही. नजर अधू झाली म्हणून तिचा मोटारीचा परवाना दोन वर्षांपूर्वीच गेला होता. कार्टला परवाना लागत नाही, म्हणून तेव्हापासून चर्च, दुकान, दवाखाना, सगळं या कार्टवरच. गेल्या महिन्यात कार्ट टपालपेटीला घासली, तेव्हा तिच्या लेकीने, जोअ‍ॅनने, बजावलं होतं, "आई, आता आणखी काही झालं तर किल्ली मी घेऊन जाणार."

"किल्ली गेली की मी खिडकीत बसायचं आणि तुमच्या गाड्या जाताना बघायच्या," व्हर्ना म्हणाली. "देवाने अजून किती वर्षं दिलीत कुणास ठाऊक, ती काय खिडकीत काढू?"

व्हर्नाने थांबून लुसीलचा हात घट्ट धरला.

"संध्याकाळी जोअ‍ॅन तुला फोन करेल. आम्ही पायी फिरायला गेलो होतो, एवढंच सांग. चालतोच आहोत ना आपण? सांगशील?"