चुड्यावरचं मांजरपाट

मुंबईत मला परब मामांनी सांभाळलं. हे आधी लिहिते. मी किनवटकडची, सातवीत शाळा सोडलेली. डिलाईल रोडच्या चाळीत त्यांच्या शेजारची खोली भाड्याने मिळाली, आणि त्यांनीच मला ते कामाला होते त्या ड्रोनच्या कंपनीत मोटारींना तार गुंडाळायच्या कामाला लावलं. दीड महिन्यापूर्वी एका दुपारी त्यांच्या सुनेचा फोन आला, "बाबा गेले गं... जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी कामाच्या टेबलाशी होते. हातातली तार तशीच धरून बसले.

आमची कंपनी म्हणजे बंद गिरणीतला एक लांबट गाळा. छपराच्या काचांतून ऊन उतरायचं आणि तांब्याची तार केसासारखी लालसर चमकायची. मामा तरुणपणी अशाच एका गिरणीत विणकर होते. आता मोटारी तपासायचे. मशीनने पास केलेली मोटारही ते फिरवून कानाशी धरायचे, डोळे मिटून. गच्चीवरून ड्रोन वर चढला की मला आमच्या रानातलं आग्यामोहोळ आठवायचं... मी वर बघतच राहायची. मामा म्हणायचे, "खाली ये गो, काम जमिनीवर आसा."

मग सीमेवर लढाई पेटली. टेहळणीच्या ड्रोनची मोठी ऑर्डर आली, साहेब दोन्ही कानांना फोन लावून फिरू लागले. माझं नुकतंच लग्न झालेलं. तार गुंडाळताना बांगड्या चालत नाहीत, आणि सासूबाईंनी तर बजावलेलं, वर्षभर चुडा उतरवायचा नाही. मी तो लांब बाहीत लपवला. माल निघायच्या दिवशी पाहिलं, एका बांगडीचा टवका उडालेला, आणि बाहीत तारेवरच्या लेपाची भुकटी. लेप खरवडला गेला तरी मोटार गार असताना चालते. तापली की हवेतच जळते. माझ्या अख्ख्या ट्रेतल्या मोटारी ड्रोनना बसून पेट्यांत गेल्या होत्या. सांगितलं तर काम जाणार, गाव गाठावं लागणार. नाही सांगितलं तर... मी मामांपुढे नुसता हात धरला. त्यांनी बाही वर सारून पाहिलं. "खंयचो ट्रे?" एवढंच विचारलं.

साहेबांना त्यांनी सांगितलं, मोटारींचा आवाज बरा नाही, पेट्या उघडा. साहेबांनी मशीनचे कागद पुढे केले. आज गाडी निघाली नाही तर ऑर्डर दुसऱ्याच्या घशात जाईल, म्हणाले. मामा एका पेटीवर जाऊन बसले.

"साहेब, तिथे कुणाचा तरी पोरगा ह्याच्या डोळ्यांनी बघणार आहे. तो मधेच आंधळा व्हायला नको."

पेट्या उघडल्या, मोटारी बदलल्या. तीन दिवस गेले आणि अर्धी ऑर्डर खरंच दुसऱ्या कंपनीकडे गेली. काढलेल्या मोटारी साहेबांनी पुन्हा मशीनवर लावल्या. सगळ्या पास. गार होत्या ना. म्हातारबुवांचे कान गेले, असं ठरलं, आणि मामांना पॅकिंगला बसवलं. ते कुणाला काही बोलले नाहीत. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून मांजरपाटाची एक पट्टी आणली. गिरणी बंद व्हायच्या आधी त्यांच्याच मागावर निघालेल्या कापडाची. माझ्या बांगड्यांवर घट्ट गुंडाळली. "चुडो काढू नको. ह्यां बांध," म्हणाले, आणि पेट्यांना चिकटपट्टी लावायला गेले.

ती पट्टी मी रोज धुऊन वाळत घालते. धुऊन धुऊन सायीसारखी झाली आहे. सकाळी मनगटाला बांधते तेव्हा वाटतं, मामा पलीकडे डोळे मिटून काहीतरी ऐकतायत... हे लिहिलेलं रविवारच्या पुरवणीत छापून येणार आहे आणि साहेब ती वाचतात, हे मला ठाऊक आहे. सोमवारी त्यांनी बोलवायच्या आत मी केबिनमध्ये जाणार आहे. तो ट्रे माझा होता, मामांचे कान शाबूत होते, असं तोंडाने सांगणार आहे. काम राहील की जाईल, माहीत नाही. पण मामा, एवढ्याने तुमचं फिटणार नाही... उरलेलं कधीतरी फेडीन.