मोहरीचा डाव

“उचला. पेरा.”

नवऱ्याशी ती दिवसभरात एवढे दोनच शब्द बोलते, असं आमच्या चाळीतल्या बायकांचं ठाम मत होतं. ही पन्नासच्या दशकातली गोष्ट, देहूरोडची. ती माझी शेजारीण, चाकणकडच्या शेतकरी घरातली. भावजी, म्हणजे तिचे यजमान, फिटर. सायकलवरून पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं काही वळेनात. बारीक स्क्रू धरता आला नाही तर नोकरी जाणार आणि गावी परतावं लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

लहानपणी गुरं राखताना ती जमिनीत खळगे करून चिंचोक्यांनी खेळायची. एका खळग्यातले चिंचोके उचलायचे, पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जायचं आणि समोरच्याचे जमतील तेवढे खायचे. तो जमिनीवरचा मोठा खेळ तिने खोक्याच्या फळकुटावर आणला. दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन खळगे, मांडीवर मावेल एवढा पट. भावजींनी उजव्या हातानेच खेळायचं, हा नियम तिचा.

आधी चिंचोके. ते जमले तशी तूर, मग मूग. आणि ती एकदाही मुद्दाम हरली नाही, बरं का!

“अगं, एखादा डाव सोड की,” मी म्हटलं.

“न्हाई वैनी. त्यांच्या हाताला खोटं कळतंय.”

मोहरी आली त्या दिवशी भावजी भडकले. “न्हाई जमत मला!” म्हणत त्यांनी फळकूट अंगणात भिरकावलं. मी मोहरी वेचायला वाकले, तर तिने माझा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या. ज्यांनी सांडली ते येचतील.”

मला तिचा रागच आला. काय बाई तरी!

भावजी पुटपुटत वेचायला बसले. एकेक करत सगळी चाळ ओट्यावर येऊन बघत राहिली. दिवेलागणीला त्यांनी भरलेली वाटी तिच्यापुढे धरली आणि तेव्हा कुठे त्यांचं स्वतःच्या बोटांकडे लक्ष गेलं. उजव्या हाताची बोटं! रागाच्या भरात त्यांनाही कळलं नव्हतं. असलं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तिने वाटी आत नेली, मोहरी पाखडली आणि आमटीला फोडणी दिली.

भावजी निवृत्त होईपर्यंत फिटरच राहिले. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा गेले तर ते ओट्यावर तेच फळकूट घेऊन एकटे बसले होते. स्वतःची खेळी उजव्या हाताने, तिची डाव्या.

“कोण जिंकतंय, भावजी?”

“तीच की,” ते म्हणाले, आणि डाव्या हाताने त्यांनी दाणे उचलले.