भोकपंडित

आमच्या आळीत हल्ली माझ्या मेहुण्याला डोक्यावर घेऊन नाचायची टूम निघाली आहे. तो रस्त्याने निघाला की दुकानदार उठून उभे राहतात. याच लोकांनी त्याला इतकी वर्षं ‘भोकपंडित’ म्हणून चिडवलं. ते नाव कुणी ठेवलं, हे आता कुणालाच आठवत नाही. मला आठवतं, कारण ते मी ठेवलं.

तो गवंडी, मी शिंपी. माझं लग्न झालं तेव्हा बायकोच्या ट्रंकेबरोबर तोही आमच्या घरात आला. आईबाप नव्हते, थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलेलं. मी त्याला जेवू घातलं, समोर बसवून काजं करायला शिकवलं. पण हात असे राकट की सुया मोडायच्या. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची कॉलर उलटी जोडली आणि वर मलाच विचारलं, “भावोजी, अशीच घातली तर काय बिघडलं?” दुसऱ्या महिन्यात तो दगड फोडणाऱ्यांच्या टोळीत गेला. मी म्हटलं, ब्याद गेली.

गेली कसली! बारा-पंधरा वर्षांनी तो ब्याद म्हणूनच परत आला. आमची बावीस घरांची रांग टेकडीच्या पायथ्याला आहे. वरून माती सुटते म्हणून मागे दोन पुरुष उंचीची दगडी भिंत बांधायचं ठरलं आणि काम नेमकं त्याच्याकडे आलं. बांधली त्याने मन लावून, ते नाकारत नाही. दगड हातात घेऊन आधी उलट्या हाताने चाचपायचा, मग लावायचा. चहा उभ्यानेच प्यायचा. पण एका घरामागे चार-चार, मूठ जाईल एवढी भोकं त्याने भिंतीत ठेवली. डोंगरात मुरलेलं पाणी बाहेर पडायला म्हणे. “भावोजी, भिंत दगडावर उभी नसते, भोकांवर उभी असते.” हे असं बोलायचा. मी म्हणायचो, भोकपंडित.

पावसाळ्यात त्या भोकांतून पिवळा चिखल यायचा. माझ्या मागच्या खोलीत इस्त्री करून टांगलेले कपडे असत. एका नवऱ्या मुलाचा पांढरा सूट लग्नाच्या आदल्या दिवशी डागाळला आणि माझं डोकं फिरलं. सिमेंट कालवलं, चारही भोकं बुजवली, वरून चुना मारला. झकास दिसायला लागलं. शेजारणीने पाहिलं, तिने नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली. वर्षभरात अख्ख्या रांगेने भोकं बुजवली. कुणी पुढे फरशी घातली, कुणी कोंबड्यांचं खुराडं बांधलं. पहिलं भोक मात्र माझं.

तो छिन्नी-हातोडा घेऊन आला. मी त्याला अंगणात गाठलं आणि सगळ्या आळीसमोर त्याने खाल्लेले घास काढले. माणसाने कुणाचे घास काढू नयेत, एवढी अक्कल मला होती. तरी काढले. तो हातोडा घेऊन निघून गेला. त्यानंतर सहा वर्षं आमच्या घरात त्याने पाण्याचा थेंब घेतला नाही. दर पावसाळ्याआधी सळई-हातोडा घेऊन दाराशी यायचा, “भावोजी, मागे जाऊ का?” मी नको म्हणायचो. मग बावीस दारं फिरून बावीस वेळा नकार ऐकायचा. पालथ्या घड्यावर पाणी, पण हा ओतायचा थांबत नव्हता. बहीण त्याला भेटायला त्याच्याच घरी जायची. मी अडवलं नाही, पण परत आल्यावर दोन दिवस तिच्याशी नीट बोलतही नसे.

मग ते वादळ आलं. समुद्र आमच्यापासून चांगला लांब. रेडिओवाले वाऱ्याचंच सांगत होते. वारा एका रात्रीत पत्रे उडवून गेला, आणि सकाळी लोक एकमेकांना म्हणाले, सुटलो. पाऊस मात्र मागेच मुक्कामाला राहिला. तीन दिवस. अंगणात ठेवलेली बादली ओतून आत यावं तोवर ती पुन्हा काठोकाठ भरलेली. नदीने खालचा पूल नेला, बाजार नेला. आम्ही नदीपासून उंचावर म्हणून मिशीवर ताव देत होतो. माझी मागची खोली कोरडी ठणठणीत होती. मी बायकोला म्हणालोसुद्धा, “बघ, तुझ्या भावाचं ऐकलं असतं तर आज चिखलात बसलो असतो.”

ती म्हणाली, “एवढा पाऊस पडतोय, मग पाणी जातंय कुठं?”

मी तिला स्वयंपाकाचं बघ म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. मेहुणा. अंगावर गोणपाट, हातात पहार, ओठ थंडीने निळे. सगळ्या रांगेत पहिल्यांदा तो माझ्याच दाराशी आला होता.

“भावोजी, भिंत फुगलीय. कडेनं बघून आलो. ताईला बाहेर काढा आणि मला मागे जाऊ द्या.”

आता सहा वर्षांनी मी त्याला आत घ्यायचं, त्याने माझ्या देखत माझं सिमेंट फोडायचं आणि बायकोने ते बघायचं. हे मला सोसेना. दुसरं काही कारण नव्हतं. पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

“ताई घरी नाही,” मी दार अडवूनच म्हणालो. “सकाळीच शाळेत गेलीय, सगळे आसऱ्याला जातायत तिथं.”

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. “बरं झालं. मग तुम्हीपण निघा, भावोजी. मी तिकडून सुरुवात करतो.” आणि तो पळत रांगेच्या पलीकडच्या टोकाला गेला.

पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की मागच्या खोलीत तिला काही ऐकू गेलं नसणार. तिने ओरडून विचारलं, “कोण होतं?”

“कुणी नाही,” मी म्हणालो.

पलीकडच्या लोकांनी त्या दिवशी त्याला आत घेतलं. खुराडं उचकटलं, फरशी उखडली. भोक फुटलं की पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळायची, असं सांगतात. ती धार बघूनच माणसं घाबरून पोरांबाळांसकट बाहेर पळाली. संध्याकाळपर्यंत एकोणीस घरांमागची भोकं त्याने एकट्याने मोकळी केली. राहिली होती आमची टोकाची तीन.

मी पुढच्या दुकानात ताग्यांवर ताडपत्री घालत होतो. आवाज फार मोठा झाला नाही. कुणीतरी जड कपाट ओढावं तसा झाला. मागे वळलो तर मागची खोली नव्हती. दाराच्या चौकटीत चिखल उभा होता.

लोक धावले, तोही धावला. शेजारची म्हातारी आणि तिचा मुलगा आत अडकलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे तिकडे. माझ्याजवळून जाताना तो म्हणाला, “भावोजी, तुम्ही वाचलात. नशीब, ताई शाळेत आहे.”

तेव्हाच बोलायचं होतं. मी बोललो नाही. माझ्या बाजूला एकटाच हाताने चिखल उपसत राहिलो, जणू कुणाला कळायच्या आत मीच तिला काढणार होतो. तोंड उघडलं तर खोटं उघडं पडेल, हाच विचार डोक्यात होता. माझी बायको चिखलाखाली होती आणि मी लाजत होतो. किती वेळ, ते सांगणार नाही. थोडा नव्हता. नखं निघाली तेव्हा मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, “ती आत आहे.”

त्याला समजलं नाही. “कोण?”

“ताई.”

त्याने मला मारायला हवं होतं. पहार हातात होती. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि चौकटीतून आत घुसला.

ती तुळईखाली सापडली. जिवंत. उजवा पाय दोन दगडांत चिणलेला, त्याने स्वतः लावलेल्या दगडांत. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणली असती तर पाय राहिला असता. ते काही मला उद्देशून म्हणाले नव्हते. पाय गुडघ्याखाली काढला. दवाखान्यातून ती भावाच्या घरी गेली ती तिथेच राहिली. जाताना मला एवढंच म्हणाली, “कुणी नव्हतं ना दाराशी?”

भिंत त्याने पुन्हा बांधली. आता आळीतले सगळे आपापली भोकं साफ करतात, पुढाऱ्यासारखे भोकांवर भाषणं देतात. माझी चार मी सळईने साफ करतो. तो कडेने बघत येतो, माझ्या भोकांत पुन्हा स्वतःची सळई घालून बघतो आणि पुढे जातो. त्याचं बरोबर आहे.

गेल्या महिन्यात थंडी पडली. मी तिच्यासाठी लोकरी कोट शिवला. तिचं माप मला टेपशिवाय येतं. काखेत कुबडी घासू नये म्हणून तिथे आतून जाड कापड लावलं आणि भर दुपारी त्याच्या दाराशी गेलो. आत फरशीवर कुबडी वाजत होती, टक, टक. मी कडी वाजवली तशी ती थांबली.

मेहुण्याने दार उघडलं. कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता, पहिल्यासारख्याच मानाने म्हणाला, “ताई घरी नाही, भावोजी.”

मी कोटाची घडी नीट केली आणि घरी आलो.