पुढची खोली

पाटसच्या हसीनाबी शिवणकाम करायच्या. नवरा मेहमूद हायवेवरच्या गॅरेजात फिटर होता. १९९८ साली त्यानं आपल्या मावसभावाला, सलमानला, घराची पुढची खोली राहायला दिली. सलमानला नुकतंच काम लागलं होतं, लग्नही नवं. घरच्याच माणसाकडून भाडं कोण घेणार आणि कागद तरी कोण करणार?

वर्षभरात मेहमूद अचानक गेला. आता पोट शिलाईवरच होतं आणि मागच्या खोलीत सुईत दोरा ओवण्याइतकाही उजेड नव्हता. हसीनाबींनी सलमानला दुसरी जागा बघायला सांगितलं.

"बघतो, भाभी."

तो बघतच राहिला. फारच तगादा लावला तेव्हा म्हणाला, "भाईनं खोली मला दिलीय. तुम्ही कोण काढणार?" त्यानं मधल्या दाराला आतून कडी घातली. हसीनाबी स्वतःच्या घरात मागच्या बोळातून जाऊ-येऊ लागल्या.

एकदा सलमान बायकोला घेऊन लग्नाला गेला. हे कळताच हसीनाबींचा भाऊ राहिल भांडगावहून पहार घेऊनच आला.

"आपा, कुलूप तोडू, सामान रस्त्यावर टाकू. घर तुझं हाय, कोण काय करतंय?"

त्यांच्याही मनात तेच होतं. पण दौंडच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, "जबरदस्तीनं काढलंत तर तो कोर्टात जाईल आणि कोर्ट त्यालाच परत आत बसवेल. आधी नोटीस, मग दावा." हसीनाबी दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मग मर अशीच," म्हणत राहिल निघून गेला. पुढं बरेच महिने तो फिरकला नाही.

नोटिशीला उत्तर आलं नाही. दावा लागला. एसटीनं दौंडला जायचं, कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, पुढची तारीख घेऊन परतायचं. घरी आलं की नळावर सलमानची बायको मेहक असायचीच. दोघी खाली मान घालून हंडे भरायच्या.

२००४ साली निकाल हसीनाबींच्या बाजूनं लागला. सलमाननं तरीही खोली सोडली नाही, तेव्हा कोर्टाचा बेलीफ पोलिसाला घेऊन आला. सलमान सकाळीच कुठंतरी निसटला होता. कडेवर मूल घेऊन मेहकनं एकटीनंच भांडी, गाद्या बाहेर काढल्या.

"भाभी, मी आता कुठं जाऊ?"

'आत ये' हे शब्द हसीनाबींच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"बाई, तुमचं कुलूप लावा," बेलीफ म्हणाला. हसीनाबींनी कुलूप पोलिसाच्या हातात दिलं, त्यानंच ते लावलं. मेहक टेम्पोत बसून कासुर्डीला, माहेरी गेली.

मशीन पुढच्या खोलीत आलं. सासरच्यांनी बोलणं टाकलं, त्या ईदला उंबऱ्याशी कुणी आलं नाही.

"हक्काचं होतं तेच घेतलं मी," कपडे शिवायला आलेल्या बायकांना त्या न विचारताच सांगायच्या. कासुर्डीकडची कुणी असली, तर माप घेता घेता हळूच विचारायच्या, "मेहक बरी हाय का गं?"