कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

दुसरबीडच्या रस्त्याला कापसाची गाडी पुढे असली की त्या कोरड्या, उबट वासाने मला आमची समोरची खोली आठवते. भाव येईपर्यंत वेचलेला कापूस आम्ही तिथेच छतापर्यंत भरायचो, आणि कोपऱ्यात, आईने शिवलेल्या झालरीच्या कव्हराखाली, कॉम्प्युटर असायचा. दर रविवारी परदेशातली ताई त्यावर दिसायची, आणि बोलता बोलता तो केव्हाही हँग व्हायचा. ताईचा चेहरा हसता हसता तसाच थांबायचा. मी बंद करायला गेलो की आई हात धरायची, "राहू दे रे, ते पाहून राह्यली ना माह्याकडं." मग त्या चेहऱ्याशी ती एकटीच कितीतरी वेळ बोलत बसायची. एकदा वैतागून मी कॉम्प्युटरचा डबा उघडला, तर आतल्या पंख्यात कापसाचे तंतू गच्च बसलेले. पंखा फिरत नव्हता, म्हणून मशीन तापून थांबत होतं. मी सगळं साफ केलं. पुढच्या रविवारी ताई स्वच्छ दिसली, बरी आहेस ना म्हणाली आणि घाईत निघूनही गेली. काळ्या पडद्याकडे पाहत आईने विचारलं, "आता हा कधीच हँग नाही होनार का रे?" आई आता नाही. माझ्या मोबाइलवर ताईचा चेहरा कधी अडकत नाही, आणि आमचं बोलणंही पटकन संपतं.